कठड्याचे सात दगड

प्रति,
मा. उपविभागीय दंडाधिकारी,
उपविभागीय कार्यालय, नांदरखेडा,
जिल्हा वर्धा.

अर्जदार : वासुदेव पुनाजी कुमरे, वय ६१, धंदा अर्जनवीस, बैठक तहसील कार्यालयाच्या आवारातील कडुनिंबाखाली, रा. नांदरखेडा.

विषय : श्रीमती मंजुषा कुंदन लोहकरे यांच्या मृत्यूची फाईल बंद न करता फेरचौकशी करणेबाबत, आणि त्यांची मुलगी कु. रिंकू, वय ९, हिला आज सायंकाळी पाच वाजण्यापूर्वी सुरक्षित ठिकाणी हलविणेबाबत.

संदर्भ : १) आकस्मिक मृत्यू क्र. ०७/२०२५, दि. २७ फेब्रुवारी २०२५.
२) माझे पोलीस ठाण्यास दिलेले अर्ज दि. ११ मार्च, २ एप्रिल व १९ मे २०२५. (तिन्हींची पोच आहे. लेखी उत्तर एकाचेही नाही.)

महोदय,

१. मी गेली चौतीस वर्षे लोकांचे अर्ज लिहून देतो. आपल्या कार्यालयात येणाऱ्या दहा कागदांपैकी तीन-चार माझ्या हातचे असतात, तेव्हा आपण माझी भाषा ओळखत असाल. माझी आई रामबाई हिला गोंडीशिवाय भाषा येत नव्हती. एका बाबूने तिचा कागद न वाचताच परत केला होता, त्या रागाने मी ही सरकारी मराठी शिकलो. कोणता कागद तक्रार आहे आणि कोणता नाही, हे मला बघताक्षणी कळते, असा माझा समज होता. तो खोटा ठरला, म्हणून हा अर्ज करणे भाग पडले आहे.

२. नांदरखेड्यात ‘सहवाचन मंडळ’ नावाचे साहित्य मंडळ आहे. सेवानिवृत्त मुख्याध्यापक श्री. लक्ष्मणराव देवतळे हे अध्यक्ष व मी सचिव. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी चार वाजता वाचनालयाच्या माडीवर दहा-बारा माणसे जमतात. आपणास साहित्यात रस असेल किंवा नसेल, पण आमची एक रीत समजून घेतल्याशिवाय हे प्रकरण समजणार नाही. पूर्वी आमच्याकडे बँकेच्या व्यवस्थापकांनी कविता वाचली की सगळे वाहवा करत, आणि बायका आपली वही घरी गव्हाच्या कोठीत लपवून ठेवत. गाव लहान. कोणी काय लिहिले ते संध्याकाळपर्यंत सासूला कळे. म्हणून अकरा वर्षांपूर्वी आम्ही एक डबा केला. बिस्किटांचा पत्र्याचा जुना डबा, झाकणाला फट पाडलेली. तो महिनाभर वाचनालयाच्या दाराशी टांगलेला असतो. ज्याला लिहायचे त्याने नाव न घालता कागद आत टाकायचा. बैठकीत डबा उघडायचा, कागद दुसऱ्याच कोणी वाचायचा, मग तो हातोहात फिरवून प्रत्येकाने समासात पेन्सिलीने शेरा लिहायचा. लिहिणारा तिथेच बसलेला असतो, पण त्याने बोलायचे नाही. कोणी लिहिले हे विचारायचे नाही, आणि ओळखले तरी ओळख दाखवायची नाही. या नियमामुळे गावातल्या नऊ बायका लिहू लागल्या. आम्हाला त्याचा फार अभिमान होता. बाहेरगावचा पाहुणा आला की चहाच्या आधी आम्ही त्याला डबा दाखवत असू.

३. मंजुषा लोहकरे या दोन वर्षांपासून बैठकीला येत. त्यांचे पती कुंदन हे तीन वर्षांपूर्वी आजारात वारले. त्या मुलगी रिंकूसह थोरले दीर श्री. रूपराव लोहकरे यांच्याच घरात राहत. रिंकू बैठकीत मागच्या बाकावर चित्रे काढत बसे, आणि डब्याचे झाकण उघडण्याचा मान आम्ही तिला दिला होता. दि. ९ फेब्रुवारीला तिने झाकण उघडले तेव्हा दुरेघी वहीची चार पाने निघाली. शिलाईचा वर्ग चालवणाऱ्या सुलोचनाबाईंनी ती वाचली. त्यात एक विधवा बाई आपली हकीकत सांगते. शेतातला हिस्सा सोडून देण्याच्या कागदावर तिने सही केली नाही. तेव्हापासून घरात नळ असूनही तिला पहाटे अंधारात आवारातल्या विहिरीवर पाणी ओढायला पाठवतात. आणि ज्या बाजूला उभे राहून दोर ओढायचा, त्याच बाजूच्या कठड्याचा एकेक दगड नाहीसा होत जातो. सोमवार, २७ जानेवारी, पहिला. गुरुवार, ३० जानेवारी, दुसरा. असे करत शुक्रवार, ७ फेब्रुवारी, सातवा. दगड कुठे जातात तेही तिने लिहिले होते : गोठ्यामागे, पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, ढिगाखाली. शेवटचे वाक्य असे आहे : ‘कठडा आता माझ्या गुडघ्याखाली आला आहे आणि दोर ओला असतो.’

४. चर्चा पाऊण तास चालली. वर्षभरात इतकी चांगली चर्चा झाली नव्हती. ऋतिक, जो अभियांत्रिकीला आहे आणि आमच्यात सर्वांत जास्त वाचतो, तो म्हणाला, “घरी नळ आहे तं ते बाई विहिरीवर काऊन जाते? हे पटून नाई राह्यलं.” सुलोचनाबाई म्हणाल्या, “सात-सात गोटे मोजत बसली. तिनात भागलं असतं.” लक्ष्मणरावांचे मत पडले की कठडा हे स्त्रीच्या आधाराचे प्रतीक आहे, परंतु प्रतीकाला पत्ता नसतो, सबब पऱ्हाट्यांचा ढीग काढून टाकावा. सही न करणाऱ्या बाईला इतका त्रास कोण देईल, हे अतिरंजित आहे, असेही एकाने लिहिले. महोदय, तपासात विचारायला हवा तो प्रत्येक प्रश्न त्या दिवशी आमच्या माडीवर विचारला गेला. उत्तर मात्र कोणालाच नको होते. मंजुषाबाई खिडकीजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि नियमाप्रमाणे गप्प होत्या.

५. माझा स्वतःचा शेरा दुसऱ्या पानाच्या समासात आहे. सोबतच्या मूळ कागदावर तो आपणास स्वच्छ दिसेल. ‘तारखा व आकडे गाळावेत. त्यामुळे लेखन अर्जासारखे वाटते. वा. कु.’ चौतीस वर्षे मी लोकांना सांगत आलो की तारीख घाला, वार घाला, किती ते घाला, कुठे ते घाला, नाहीतर साहेब वाचणार नाहीत. त्या बाईने सगळे घातले होते. मला या शेऱ्याची इतकी शरम वाटते की तो खोडावा असे अनेकदा मनात आले. पण आता तो पुराव्याचा भाग असल्याने तसाच ठेवला आहे. बैठक संपून मी कुलूप लावत असता मंजुषाबाई रिंकूचा हात धरून जिन्यात थांबल्या. म्हणाल्या, “काका, समजा असं खरंच राहीन, तं त्या बाईनं का करावं?” मी म्हणालो, “ते लिहिणाऱ्यानं सांगायचं नसते. वाचणाऱ्यावर सोडायचं.” त्या “बरं” म्हणाल्या आणि खाली उतरल्या. बैठकीनंतर ज्याचा कागद त्याने गुपचूप परत न्यायचा अशी पद्धत आहे. हा कागद कोणी नेला नाही. मला वाटले, चर्चा कोणाच्या तरी मनाला लागली असेल.

६. दि. २७ फेब्रुवारी रोजी, महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, मंजुषाबाई त्या विहिरीत मृत सापडल्या. वय ३१. मी तेव्हा कडुनिंबाखाली कोणाच्या तरी रेशनकार्डाचा अर्ज टाइप करीत होतो. बातमी सांगणारा ‘विहीर’ म्हणाला आणि माझी बोटे थांबली. पंचनाम्यात ‘कठडा जुना व जीर्ण, पडझड झालेला, पाणी ओढताना तोल जाऊन पडल्या’ असे आहे. पडझड झालेल्या कठड्याचे दगड एकतर विहिरीत पडतात नाहीतर पायथ्याशी. पंचनाम्यात विहिरीतून दोर, बादली व एक चप्पल निघाल्याची नोंद आहे. दगड एकही नाही. पायथ्याशीही दगड नमूद नाही. सात दगड गेले कुठे, हे पंचनामा सांगत नाही, मंजुषाबाईंचा कागद सांगतो. गोठ्यामागे कोणी पाहिले नाही. दि. ३ मार्चपर्यंत त्या जागी नव्या सिमेंटमध्ये कठडा बांधूनही झाला. दगड तेच आहेत. मी रस्त्यावरून पाहिले तेव्हा त्यांच्यावर काळी माती वाळलेली होती.

७. दि. ११ मार्च रोजी मी चारही पाने घेऊन ठाण्यात गेलो. तेथील जमादार साहेबांनी ती पूर्ण वाचली, मध्ये माझ्यासाठी चहाही सांगितला, आणि म्हणाले, “लिहिलं तं जबरदस्त आहे. पण हे गोष्ट आहे न. तक्रार कुठं आहे?” हीच तक्रार आहे, असे मी म्हणालो. त्यांनी मला समास दाखवला. बारा जाणत्या माणसांनी आद्याक्षरांसह लिहून दिले आहे की हे पटत नाही, मग आम्ही एकट्याने पटवून घ्यायचे कसे, असे त्यांचे म्हणणे पडले. दि. २ एप्रिल रोजी सांगण्यात आले की कागदावर नाव नाही, तेव्हा तो मयताचाच कशावरून. अक्षर जुळवावे म्हटले तर मंजुषाबाईंच्या वह्या तेरवीच्या आधीच घरातून नाहीशा झाल्या होत्या. मी मंडळाच्या हजेरीवहीतील त्यांच्या सह्या आणि रिंकूच्या प्रगतिपत्रकावरील सही सादर केली. सहीवरून अक्षर ठरत नाही, असे उत्तर मिळाले. दि. १९ मे रोजी असे तोंडी कळविण्यात आले की, सदर लेखन काल्पनिक नसल्याचे प्रमाणपत्र मंडळाने आपल्या लेटरहेडवर दिल्यास विचार करता येईल. असे प्रमाणपत्र कोणत्या नमुन्यात द्यावे, अशी मी पृच्छा केली. नमुना उपलब्ध नाही.

८. त्याप्रमाणे दि. ८ जूनच्या बैठकीत मी प्रमाणपत्राचा ठराव मांडला. नऊ सदस्य हजर होते. ठराव सात विरुद्ध दोन मतांनी पडला. कारण असे दिले की, ९ फेब्रुवारीच्या इतिवृत्तात ‘एका अनामिक सदस्याची कथा’ अशी नोंद आहे, ते इतिवृत्त मार्चमध्ये कायम झाले आहे, आणि कायम झालेले इतिवृत्त बदलता येत नाही. इतिवृत्त माझ्याच अक्षरात आहे. ‘कथा’ हा शब्द मीच घातला. दोन मतांपैकी एक माझे, दुसरे सुलोचनाबाईंचे. त्यांनी तेव्हापासून मंडळात काहीही वाचून दाखवणे सोडले आहे. बैठकीनंतर लक्ष्मणरावांनी मला बाजूला घेतले. म्हणाले, “वासुदेवराव, ते खरं होतं असं लिहून दिलं, तं मंग आपण बारा जणांनी ते ऐकलं, अन् घरी जाऊन जेवलो, असं होते. हे मले लिहून देता येत नाई.” माणूस वाईट नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. मला त्यांचा राग आला आणि दयाही आली, कारण मलाही तेच लिहून देता येत नव्हते. आज देत आहे.

९. आता जी बाब मी मागील तिन्ही अर्जांत दडवली ती लिहितो. तिच्यामुळे माझी कडुनिंबाखालची बैठक गेली तरी माझी हरकत नाही. मंजुषाबाईंनी ज्यावर सही केली नाही तो हक्कसोडीचा मसुदा मी तयार केलेला होता. दि. २१ जानेवारी रोजी रूपरावांनी तो माझ्याकडून लिहून घेतला आणि मंजुषाबाईंना माझ्या टेबलाशी आणले. त्यांनी उभ्याउभ्या दोन्ही पाने वाचली. गट क्रमांकातला एक आकडा चुकला होता, तो त्यांनीच मला दाखवला. मग कागद खाली ठेवून रूपरावांना एवढेच म्हणाल्या, “भाऊजी, रिंकूचं का?” आणि पायी घरी गेल्या. हे मी डोळ्यांनी पाहिले आणि एकोणीस दिवसांनी तीच हकीकत कानांनी ऐकली. मला कळले नाही, असे मी पाच महिने सगळ्यांना सांगत आहे. ते खरे नाही. सुलोचनाबाई ‘सही’ हा शब्द वाचत होत्या तेव्हा क्षणभर मला कळले होते. मी मंजुषाबाईंकडे पाहिले. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिले. मग मी नियमाप्रमाणे नजर काढून घेतली.

रूपराव जूनच्या अखेरीस माझ्याकडे पुन्हा आले होते. पोरीचा जो हिस्सा निघतो त्यावर तिच्या वतीने काका म्हणून त्यांनी स्वतः सही केली तर चालते का, असे त्यांनी विचारले. अल्पवयीनाचा हिस्सा न्यायालयाच्या परवानगीशिवाय सोडता येत नाही, ती सज्ञान होईपर्यंत थांबावे लागेल, असे मी सांगितले. माहिती बरोबर होती. ते म्हणाले, “मंग आता नऊ वर्ष थांबू का?” आणि हसले. सवयीने मीही हसलो.

१०. दरम्यान, मंडळाचा वार्षिक अंक येत्या दि. २० जुलै रोजी निघत आहे. त्यात सदर लेखन ‘विहीर : एक रूपक’ या शीर्षकाने, कै. मंजुषा लोहकरे यांना श्रद्धांजली म्हणून, त्यांच्या नावानिशी छापले जात आहे. म्हणजे दाखला द्यायचा म्हटले की कागद अनामिक, आणि श्रद्धांजली वाहायची म्हटले की तो मंजुषाबाईंचा. ऋतिकने त्यावर संस्कार केले आहेत. तारखा काढल्या आहेत. सात दगडांचे ‘काही दगड’ झाले आहेत. पऱ्हाट्यांच्या ढिगाच्या जागी ‘विस्मृतीचा अंधार’ आला आहे, आणि शेवटी ती बाई विहिरीच्या पाण्यात चंद्र पाहते. अंकाचे प्रकाशन श्री. रूपराव लोहकरे यांच्या हस्ते ठेवले असून निमंत्रणपत्रिकेत त्यांचा उल्लेख ‘साहित्यप्रेमी कुटुंबाचे प्रमुख’ असा आहे. पत्रिका सोबत जोडली आहे. मला चंद्राबद्दल काही म्हणायचे नाही. परंतु हे एकदा छापून आले की ते कायमचे साहित्य होईल, आणि मग जगातले कोणतेही ठाणे त्याला तक्रार म्हणणार नाही.

११. काल, दि. १३ जुलै रोजी, मासिक बैठक होती. आई गेल्यापासून रिंकूला बैठकीला येऊ देत नाहीत. पण वाचनालय तिच्या शाळेच्या वाटेवर आहे. फेब्रुवारीनंतर मी बैठकीआधी डबा एकट्याने उघडून पाहतो. हा नियमभंग आहे आणि अध्यक्षांना तो माहीत नाही. काल डब्यात घडी केलेले दुरेघी वहीचे अर्धे पान होते. तो कागद मी कोणाला वाचू दिला नाही, फिरवू दिला नाही. मजकूर जसाच्या तसा (‘मोठेबाबा’ म्हणजे रूपराव) :

‘प्रति, वासुदेव काका. विषय – विहीर. काका, मोठेबाबा मले सकाळी विहिरीवर पाठवून राह्यले. घरी नळ आहे. सिमेंट फोडून दोन गोटे काढले. पऱ्हाट्याखालीच ठेवले. आईच्या वेळी सात होते. ही गोष्ट नाई. तुमची रिंकू कुंदन लोहकरे, वर्ग चौथा.’

नऊ वर्षांच्या मुलीने खाली नाव लिहिले आहे आणि वर ‘प्रति’ लिहिले आहे. तिच्या आईच्या कागदात एवढेच राहून गेले होते. ही मुलगी त्या दिवशी मागच्या बाकावर बसून आमची सगळी चर्चा ऐकत होती, हे मला काल समजले.

बैठक तशीच टाकून मी ठाण्यात गेलो. रविवार असल्याने संबंधित अधिकारी नव्हते. मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन केला. नोंद झाली, माणूस येईल असे सांगण्यात आले. रूपरावांच्या घरी गेलो तर पोरगी झोपली आहे असे सांगून त्यांनी फाटक लावले. फाटकातून मला विहीर दिसली. दोर ओढायच्या बाजूला कठड्यात दोन दगडांची जागा रिकामी आहे. आज पहाटे चार वाजल्यापासून मी व माझी पत्नी आनंदाबाई त्या फाटकासमोर उभे होतो. पाचच्या सुमारास रिंकू बादली घेऊन बाहेर आली. तिने आम्हाला पाहिले. मागून रूपराव आले, त्यांनीही आम्हाला पाहिले, आणि ते तिला म्हणाले, “राहू दे आज. नळाचं घे.” ‘आज’ हा शब्द त्यांनी मुद्दाम उच्चारला किंवा कसे, हे मी सांगू शकत नाही. जसा ऐकला तसा लिहीत आहे.

१२. या क्षणी रिंकू शाळेत आहे आणि आनंदाबाई शाळेच्या फाटकाशी बसून आहे. शाळा पाच वाजता सुटते. आम्ही तिचे कोणी लागत नाही. आम्ही तिला घरी नेले तर मूल पळवल्याचा गुन्हा होईल, आणि तो मात्र आजच्या आज नोंदवला जाईल. मंजुषाबाईंच्या आई जयवंताबाई अल्लीपूरला असतात. त्या नातीला सांभाळायला तयार आहेत आणि दुपारच्या एसटीने निघत आहेत. यापूर्वी त्या दोनदा आल्या तेव्हा त्यांना दारातूनच परत पाठवले होते. तरी विनंती की, आपण अधिकारी पाठवून मुलीला शाळेतूनच ताब्यात घ्यावे, बाल कल्याण समितीपुढे हजर करावे आणि आजीकडे सोपवावे. आजच गोठ्यामागील पऱ्हाट्यांचा ढीग पंचांसमक्ष उचलून पाहावा. उद्यापर्यंत ते दोन दगडही पुन्हा सिमेंटमध्ये गेलेले असतील. आकस्मिक मृत्यूचा अंतिम अहवाल स्वीकारू नये. अंकाची छपाई थांबवावी. आणि ज्याने तक्रार ऐकली, ओळखली, आणि तिच्यावर शेरा मारला, असा साक्षीदार म्हणून माझा जबाब घ्यावा. त्याची जी काही शिक्षा असेल ती मला मान्य आहे.

हा अर्ज माझा समजू नये. मंजुषाबाईंच्या चार पानांना जो मायना राहिला होता, तेवढाच मी लिहिला आहे. अर्ज त्यांचाच असून तो ९ फेब्रुवारीपासून प्रलंबित आहे.

आपला नम्र, आणि या प्रकरणात जवळजवळ सर्व नियम पाळलेला,

(सही)
वासुदेव पुनाजी कुमरे
नांदरखेडा, सोमवार, दि. १४ जुलै २०२५
वेळ : दुपारी १२ वाजून १० मिनिटे

सोबत :
१. कै. मंजुषा लोहकरे यांची चार पाने, मूळ, समासातील बारा शेऱ्यांसह.
२. दि. ९ फेब्रुवारी व ८ जूनच्या इतिवृत्तांच्या प्रती.
३. हक्कसोडीच्या मसुद्याची प्रत, सहीची जागा रिकामी.
४. पूर्वीच्या तीन अर्जांच्या पोचपावत्या.
५. प्रकाशन समारंभाची निमंत्रणपत्रिका.
६. कु. रिंकूचे अर्धे पान, मूळ. कृपया यावर शेरा लिहू नये. वाचून लगेच निघावे.